आबांचं धड आणि नवं व्हर्जन

माझे सासरे आबा आजमितीस पंचक्रोशीतल्या एकतीस घरांच्या भिंतींवर गळ्यात हार घालून लटकलेले आहेत आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे.

हे कसं झालं ते सांगण्याआधी माझा धंदा सांगायला हवा. पिरंगुटला माझा फोटो स्टुडिओ आहे. बारसं, साखरपुडा, लग्न, पासपोर्ट, सगळं मी करतो. पण स्टुडिओ खरा चालतो तो मेलेल्या माणसांवर. (दचकू नका, ऐका.) आमच्याकडची जुनी माणसं जन्मभर फोटो काढून घेत नाहीत. ती गेली की दहाव्याच्या आत मुलगा स्टुडिओत येतो. हातात मतदानाचं ओळखपत्र असतं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला असा फोटो, ज्यात वडील पंगतीत बसून जिलबी चावताहेत.

"ह्यातनं तात्याचा येक चांगला फोटू करा. कोटातला."

तात्यांनी उभ्या आयुष्यात कोट घातलेला नसतो. हे मुलाला माहीत असतं, मलाही माहीत असतं, पण भिंतीवरचा बाप कोटातच लागतो. मग मी तात्यांचं डोकं कापतो (कॉम्प्युटरवर!) आणि एका तयार धडावर बसवतो. असं एक धड प्रत्येक स्टुडिओवाल्याकडे असतं. माझ्याकडचं धड आबांचं आहे.

तो फोटो मीच काढला होता, माझ्या लग्नात. (होय, मुंडावळ्या बांधून. दुसऱ्या फोटोग्राफरवर माझा विश्वास नव्हता.) काळा बंद गळ्याचा कोट, खिशाला पेन, ताठ छाती. आबा भरे गावचे. तरुणपणी तालमीत घुमलेले आणि नंतर जन्मभर मेंढरांमागे डोंगर तुडवलेले. त्या खांद्यांवर कुणाचंही डोकं शोभतं. कोटाचं दुसरं बटण तेवढं तपकिरी होतं, कारण मूळचं काळं बटण लग्नाच्या गडबडीत तुटलं आणि सासूबाईंनी हाताला लागलं ते लावून दिलं. त्यामुळे आमच्या भागातल्या एकतीस कैलासवासींचं दुसरं बटण तपकिरी आहे. त्यातले निम्मे अंगठेबहाद्दर होते, तरी प्रत्येकाच्या खिशाला पेन आहे.

आबांना यातलं काही माहीत नव्हतं. माझी सगळी धडपड ते माहीत होऊ नये म्हणून होती. गेली चोवीस वर्षं आबा मला 'फोटोवाले' म्हणतात. एकदाही 'जावई' म्हणाले नाहीत. आपल्या लेकीला दुसरं चांगलं स्थळ मिळालं असतं, हे त्यांचं मत ते दर दिवाळीला मला नव्याने सांगतात. त्यात जिवंत माणसाची छाती मी मेलेल्यांना पुरवतो हे कळलं असतं, तर बत्तिसावं धड लागायची वेळ आली असती आणि डोकं माझं असतं.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ.

फोटो दुरुस्तीचं माझं सॉफ्टवेअर फार जुनं. ते ज्या कॉम्प्युटरवर चालायचं, तो सुरू केला की पंख्याच्या घरघरीने शेजारचा सलूनवाला वस्तरा थांबवून बघायचा. रोज सकाळी पडद्यावर एक चौकट यायची की नवं व्हर्जन आलं आहे, घेता का? मी रोज 'नंतर' दाबायचो. अशी माझी दोन वर्षं सुखात गेली.

पण मुलगी ऋतुजा महाळुंग्याला एका आयटी कंपनीत लागली आणि घरात सुधारणेला सुरुवात झाली. एका रविवारी ती स्टुडिओत आली, माझ्या मागून पाच मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे काय करताय?"

"केस कापतोय. एकेक. कडेने."

"अहो, नवीन व्हर्जनमध्ये हे एका क्लिकमध्ये होतं!"

"मग मी काय करायचं?"

"क्लिक."

मला हे अपमानास्पद वाटलं. बावीस वर्षं मी एकेक केस कापून लोकांना स्वर्गात पोचवलं होतं. पण तिकडे भुकूमला नवा स्टुडिओ निघाला होता आणि माझी गिऱ्हाइकं तिकडे पळत होती. भुकूमला आता नुसत्या सोसायट्या. नाव इटलीचं, पाणी टँकरचं. तिथली जोडपी लग्नाआधीच फोटो काढतात, तेही एकमेकांच्या मागे पळताना. त्यांना मागचा विजेचा खांब काढून तिथे डोंगर हवा असतो. (डोंगर तिथे होताच. तो फोडूनच सोसायटी बांधली.) माझ्या जुन्या व्हर्जनला खांब काढता यायचा, पण डोंगर घालता यायचा नाही.

मी सगळ्यांना विचारलं. मुलीचं स्थळ बघताना जेवढं विचारलं नसतं, तेवढं विचारलं. फ्लेक्स छापणारा म्हणाला, "माझं तर जुन्यावर चाललंय." सलूनवाला म्हणाला, "घ्या, निदान आवाज तरी जाईल." बायको म्हणाली, "चालतंय ते कशाला बदलायचं?" सुनंदाचं माझ्याबद्दलही हेच धोरण आहे. शेवटी ऋतुजाने नवा कॉम्प्युटर आणून नवं व्हर्जन टाकून दिलं आणि जुना मी गुपचूप माळ्यावर ठेवला.

पहिले दोन दिवस मी हरखून गेलो. एका क्लिकमध्ये खांब गेला, डोंगर आला. मी सुनंदाचा एक फोटो घेतला आणि तिचं वय दहा वर्षांनी कमी करून तिला दाखवला.

तिने बराच वेळ बघितला. "कोन ही?"

"तू!"

"मी अशी कवाच न्हवते. खरं सांगा, कोन ही?"

त्या दिवशी मला जेवण मिळालं, पण वाढलं कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भऱ्याचा विलास आला. त्याचे वडील दगडूतात्या वर्षापूर्वी गेले होते आणि दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध होतं. सकाळी भरे फाट्यावर फ्लेक्स लागायला हवा होता. दगडूतात्या म्हणजे आबांचे बांधकरी आणि हाडवैरी. एका हातभर बांधावरून दोघं तीस वर्षं बोलत नव्हते. आबांची शेळी चुकून तिकडे गेली, तर तात्या कुऱ्हाड घेऊन यायचे. आणि तात्या गेले तेव्हा विलासला कोटातला फोटो कुणी करून दिला? मी! धड कुणाचं? जाऊ द्या.

मी म्हटलं, गेल्या वर्षीची फाइल आहेच, फक्त 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या जागी 'प्रथम पुण्यस्मरण' करू. जुन्या फाइलमध्ये मी खाली आबांचा अख्खा फोटो ठेवायचो आणि त्यावर, डब्याला झाकण लावावं तसं, गेलेल्याचं डोकं ठेवायचो. खालचं डोकं पुसायचा मला कंटाळा यायचा. कशाला पुसायचं? झाकलेलं तर आहे!

फाइल उघडताना नव्या व्हर्जनने इंग्रजीत एक चौकट दाखवली. पुढे ऋतुजाने मला तिचा अर्थ सांगितला. 'या फाइलमधला वरचा लेयर, म्हणजे थर, फार जुन्या पद्धतीचा आहे, मला वाचता येत नाही, तो सोडून देऊन उघडू का?' सभ्यपणे विचारलं होतं बिचाऱ्याने. मी 'हो' दाबलं. कॉम्प्युटरने काही विचारलं की 'हो' दाबायचं, एवढंच मला येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, पडद्यावर आबा दिसले असतील की! कसे दिसणार? विलास मागे उभा होता आणि त्याला फोटोशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला नावांची काळजी होती. खाली 'शोकाकुल' म्हणून बेचाळीस नावं होती.

"ह्ये चुलत्याचं नाव वर घ्या. न्हाईतर जेवायला येनार न्हाई."

"घेतलं."

"आता मेव्हना खाली गेला. त्याला बाजूला घ्या, पर मोठ्या अक्षरात. औंदा सोसायटीच्या इलेक्शनला उबा हाय त्यो."

मी तो नावांचा भाग इतका मोठा करून बघत होतो की पडद्यावर दुसरं काही मावत नव्हतं. दीड तास आम्ही दोघं बेचाळीस शोकाकुलांच्या मानापमानात गुंतलो होतो. ज्याचं वर्षश्राद्ध होतं, त्याच्याकडे दोघांनीही एकदासुद्धा बघितलं नाही. मग मी फाइल फ्लेक्सवाल्याला पाठवली, त्याने ती छापून गुंडाळी टेम्पोत टाकली, आणि मी नव्या व्हर्जनचं कौतुक करत घरी गेलो.

सकाळी साडेसातला फोन वाजला. आबा होते.

"फोटोवाले, मी कवा मेलो?"

मी उठून बसलो. "काय झालं आबा?"

"तेच इचारतुया. फाट्यावर लागलंय. वरीस झालं म्हनं मला मरून! मला कुनी सांगितलं न्हाई!"

आबा रोजच्यासारखे दुधाची कॅन घेऊन फाट्यावर गेले होते. वर बारा फुटी आबा, काळा कोट, कपाळाला गंध, बाजूला दोन समया. नाव दगडूतात्यांचंच होतं. पण नाव कोण वाचतो? डेअरीवाल्याने आबांना बघून मापच खाली टाकलं. एका म्हातारीने लांबूनच हात जोडले. गंमत म्हणजे, आबांना काल संध्याकाळी पारावर गप्पा मारताना बघितलेली माणसंसुद्धा फ्लेक्स बघून हळहळत होती! छापलंय म्हणजे खरंच असणार. एकाने तर त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "आबा, दहावा कवा झाला वो? आमाला सांगावा न्हाई!"

तासाभरात आबा कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून माझ्या स्टुडिओत हजर झाले. कॅन हातातच. सुनंदाही आली. मी सांगायला सुरुवात केली की नव्या व्हर्जनमध्ये एक तांत्रिक अडचण... तेवढ्यात रिक्षा थांबली. विलास उतरला आणि त्याच्यामागून तात्यांची बायको, शेवंताकाकू. काकूंच्या काखेत घरातली फोटोफ्रेम होती, हारासकट.

काकूंनी फ्रेम टेबलावर ठेवली. शेजारी मोबाइलवर काढलेला फ्लेक्सचा फोटो ठेवला. एका बोटाने फ्रेममधलं तपकिरी बटण दाखवलं. मग फ्लेक्समधलं. मग पेन. मग दुसरं पेन.

"ह्यो कोट आमच्या ह्यांचा म्हनून मी वरीसभर पुसतिया," त्या म्हणाल्या. "कुनाचा हाय?"

आबा पुढे झाले, चष्मा लावला, आणि फ्रेमवर नाक टेकवून बघू लागले.

"माज्या मंडळीनं लावल्यालं बटान हाय ह्ये," आबा म्हणाले. "फोटोवाले?"

मी सगळं कबूल केलं. एकतीस आकडाही सांगितला. (तो सांगायची गरज नव्हती, पण घाबरलो की मी तपशिलात शिरतो.) सुनंदाने कपाळाला हात लावला. मी डोळे मिटून घेतले आणि दुधाची कॅन डोक्यात पडायची वाट बघू लागलो.

पण आवाज आला तो आबांचा, आणि तो भलताच हळू होता. "म्हंजे... दगडूच्या घरात भिंतीवर मी हाय?"

"गळ्यापासून खाली, आबा."

"गळ्यापासनं खाली का असंना! ह्या गड्यानं तीस वरीस मला बांधावर पाय ठिवू दिला न्हाई. आन मी त्याच्या घरात, मधल्या भिंतीला?" आबांची छाती फुगली. फ्रेममधलीही फुगल्यासारखी वाटली. "वैनी, उदबत्ती लावता का?"

"दोन्ही टायमाला," काकू सवयीने बोलून गेल्या.

"आन निवद?"

"सनासुदीला पुरनपोळीचा दावते की... आरं द्येवा!" काकूंनी तोंडावर पदर घेतला. "मी वरीसभर ह्येच्या छातीला निवद दावला!"

"तरीच म्हनलं, औंदा तब्येत एवढी कशी सुदारली," आबा म्हणाले आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. "झ्याक काम केलंत!"

विलास आबांच्या अंगावर धावला, सुनंदा मध्ये पडली, कॅन आडवी झाली आणि दूध नव्या कॉम्प्युटरच्या वायरपर्यंत आलं. या गोंधळात काकू मात्र माझ्याकडे बघत होत्या.

"फोटोवाले," त्या म्हणाल्या, "माज्यापाशी त्यांचा दुसरा फोटू न्हाई वो. सकाळच्याला मी ह्या फोटूशी बोलते. रानात काय पेरलं, गाय कवा व्याली, समदं सांगते. आता मला सांगा, वरीसभर मी कुनाशी बोलले?"

"तोंड तात्यांचंच आहे, काकू."

"आन बाकीचं?"

मला खरोखर लाज वाटली. एकतीस फोटो केले, पण त्यांच्याशी कुणी बोलत असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी काकूंना शब्द दिला की तात्यांना नवं धड देईन, नव्या व्हर्जनमध्ये, कुणाचंही उष्टं नसलेलं.

शब्द देणं सोपं होतं. ऋतुजा म्हणाली की सॉफ्टवेअर स्वतःच धड तयार करून देतं. दिलंही! तात्या टाय लावून एका बागेत उभे होते, मागे कारंजं होतं. ते बघून विलास म्हणाला, "मी ह्ये घरी न्हेलं तर आई मला घरात घ्यायची न्हाई." मग जिवंत माणूस शोधायला लागलो. विलास म्हणाला, "मला ल्हान पोरं हायेत." सलूनवाला दुकान बंद करून गावाला गेला. भिंतीवर चढायला कुणी तयार होईना.

"तुमी बसा की," आबा म्हणाले. "माजं इतकी वर्सं फुकाट वापरलं. आता द्या तुमचं."

सुनंदाने मान डोलावली. रविवारी ऋतुजाने माझा फोटो काढला. भाचीच्या लग्नातला माझा कोट, चांगल्या कापडाचा, सगळी बटणं एका रंगाची. एका क्लिकमध्ये तात्यांचं डोकं माझ्या मानेवर बसलं. सांधा शोधून सापडेना. एवढं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मोठी फ्रेम करून मी स्वतः भऱ्याला गेलो.

काकूंनी फ्रेम दोन्ही हातांत धरली आणि उजेडाकडे नेली. बराच वेळ बघितलं.

"कोट झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पर हे अंग कुनाचं?"

"माझं," मी जरा लाजून म्हटलं.

"व्हय व्हय." पुन्हा बघितलं. "न्हाई जमत, भाऊ."

"पोट ना? पोट कमी करता येतं काकू. एका क्लिकमध्ये."

"पोटाचं न्हाई वो. आमचं मानूस राबनारं व्हतं. हे खांदं बगा, ह्यांनी कवा वज्जं उचाललं न्हाई. ह्या छातीकडं बगून मी काय सांगू, रानात काय पेरलं म्हनून?" त्यांनी फ्रेम माझ्या हातात परत दिली आणि आतून जुनी आणून पदराने पुसली. "ऱ्हाऊ द्या आबाचंच. वैरी हाय, पर गडी राबनारा हाय."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. घरोघरी लोक चष्मे लावून भिंतीवरच्या बापाचं दुसरं बटण तपासू लागले. एकही फ्रेम परत आली नाही. उलट आबाच आता वेळ काढून एकेका घरी चहाला जातात आणि भिंतीसमोर बसून स्वतःकडे बघतात. मी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. त्याची घरघर पुन्हा सुरू झाली आणि सलूनवाला पुन्हा वस्तरा थांबवून बघू लागला. आता सोसायटीवाले नव्या व्हर्जनवर आणि कैलासवासी जुन्यावर, असा माझा कारभार चालतो.

त्या दिवशी भऱ्याहून परत आलो तेव्हा सुनंदा भाकरी थापत होती. काखेतली फ्रेम भिंतीला टेकवून मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "बघ, मेलेल्या माणसालासुद्धा माझं धड नको!"

तिने भाकरी तव्यावर टाकली. "त्यांना निदान निवडायला तरी मिळालं," ती म्हणाली.